स्वभावाला औषध नसते काय?

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की, ती खरी की खोटी हे तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नाही. रागाच्या बाबतीत तर ही म्हण म्हणजे हक्काची पळवाटच होऊन बसली आहे. आमच्या घरात ती तीन पिढ्या चालत आली आहे. आजोबांना गावात जमदग्नी म्हणत. वडिलांनी तो वारसा चालविला. आणि मी लहानपणी पाटी आपटली की आजी म्हणे, "ही थेट ह्यांच्यावर गेली." तिच्या त्या बोलण्यात काळजी किती आणि कौतुक किती, हे मला अजून उमगलेले नाही. पुरुषाच्या रागाला आमच्याकडे पाणीदारपणा म्हणतात आणि मुलीच्या रागाला कर्कशपणा. फरक काय तो एवढाच. औषध दोघांनाही नाही!

मानसशास्त्र घेऊन तृतीय वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी क्रोधावर लेख लिहावा, यात नवल नाही. परंतु हा लेख मी केवळ ग्रंथालयात बसून लिहिलेला नाही. ज्या प्रसंगाने मला या विषयाकडे ढकलले तो सांगितल्यावाचून पुढचे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीतील ही गोष्ट. माझी प्रात्यक्षिकाची वही सुट्टी संपताच सादर करावयाची होती. धाकटा भाऊ आठवीत. अंगणात त्याचे किल्ल्याचे काम जोरात चालले होते. माझ्या वहीतील आलेखाचे दोन कागद काढून त्याने त्यांवर किल्ल्याचा नकाशा काढला. आखलेले कागद त्याला सोयीचे वाटले असणार. मी ते पाहिले, आणि ओट्यावरचे फुलपात्र उचलून भिरकावले. ते त्याच्या डाव्या भुवईवर लागले. तीन टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी तोंड उघडण्यापूर्वीच तो म्हणाला, "पायरीवरून पडलो." तेरा वर्षांचे पोर माझ्यासाठी खोटे बोलले. त्यानंतर तो माझ्याशी भांडला नाही, रुसला नाही, 'ताई' म्हणणेही सोडले नाही. पण फळीवरचा डबा काढायला मी हात वर केला तरी त्याचे डोळे आपोआप मिटत. हे मी दोनदा पाहिले, आणि तिसऱ्यांदा पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

सुट्टीनंतर आमच्या विभागातील मॅडमना मी सगळे सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता तेवढा दिला. पुढे तीन महिने शनिवारी शनिवारी एस. टी. ने जाऊन मी एकंदर दहा वेळा त्यांच्यासमोर बसले. त्या दहा भेटींत काय झाले आणि त्यामागील शास्त्र काय, हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगण्याचा येथे प्रयत्न करीत आहे.

पहिल्याच भेटीत मी बाईंना विचारले, "राग मनात साठू न देता उशी बडवून बाहेर काढला तर चालेल का?" हा प्रश्न माझा एकटीचा नाही. राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिट्टी झाली नाही तर कुकर फुटेल, अशी आपली सर्वांची कल्पना असते. शिमग्याला बोंब मारण्याचे समर्थनही कित्येक सुशिक्षित माणसे अशाच धर्तीवर करतात. आणि ही कल्पना अगदीच अडाणीपणाची आहे असेही नव्हे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली उन्मादावरील आपल्या ग्रंथात विरेचनाची जी उपपत्ती मांडली, तिचाच हा घरगुती अवतार आहे. दडपलेली भावना बाहेर पडली की रुग्णाला बरे वाटते, असे त्यांना आढळले होते. पुढे या उपपत्तीचे लोकांनी काय काय केले ते विचारू नये. आज मोठ्या शहरांतून पैसे घेऊन बशा-बाटल्या फोडू देणाऱ्या खोल्या निघाल्या आहेत!

परंतु प्रयोगशाळेत ही कल्पना टिकली नाही. अमेरिकेतील ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाचा २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सहाशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेऊन त्यांवर मुद्दाम खोचक शेरे मारण्यात आले. निबंधावरच्या शेऱ्यांनी विद्यार्थी चिडतात हे तेथेही खरे आहे, हे वाचून मला बरे वाटले. नंतर एका गटाला, शेरे मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून मुष्टियोद्ध्यांच्या सरावाच्या पिशवीवर हवे तितके ठोसे मारावयास सांगितले. दुसऱ्या गटाने ठोसे मारले ते व्यायाम म्हणून. तिसरा गट नुसता बसून राहिला. विरेचनाची कल्पना खरी असती तर पहिला गट सर्वांत शांत व्हावयास हवा होता. झाले नेमके उलटे. पहिला गट सर्वांत जास्त संतापलेला राहिला, आणि पुढे संधी मिळताच प्रतिस्पर्ध्याला त्रास देण्यातही तोच पुढे होता. नुसते बसून राहिलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. २०२४ साली बुशमन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १५४ अभ्यासांचा आणि त्यांतील १०,१८९ व्यक्तींचा एकत्रित आढावा घेतला. शरीराची उत्तेजना वाढविणाऱ्या कृतींनी राग सरसकट कमी होत नाही आणि ती उतरविणाऱ्या कृतींनी, म्हणजे श्वसन, शिथिलीकरण, ध्यान यांनी तो कमी होतो, असाच निष्कर्ष त्यातून निघाला. रागाच्या भरात धावायला जाणेसुद्धा फारसे उपयोगी पडत नाही असे त्यात दिसते. प्रकृतीला ते चांगले, हा भाग वेगळा.

उशी बडविण्याचा मार्ग असा बंद झाल्यावर बाईंनी मला एक वही घालावयास सांगितले. राग आला की तारीख, वेळ, काय घडले, राग दहापैकी किती, त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले आणि मी काय केले, एवढे त्याच दिवशी लिहावयाचे. समर्थन लिहावयाचे नाही. मला हे शाळकरी वाटले. तरीही मी तीन आठवडे नोंदी ठेवल्या. त्या सव्वीस भरल्या. चौथ्या भेटीत बाईंनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "प्रात्यक्षिकात प्रदत्त वाचतेस तशी वाच."

वाचले, आणि दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी की, सव्वीसपैकी सतरा नोंदी सायंकाळी सहा ते आठ या वेळेतल्या होत्या. म्हणजे मी एस. टी. तून तासभर उभी राहून घरी आल्यानंतरच्या. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली दाखवून दिले त्याप्रमाणे, संकटाच्या वेळी आपले शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. अनुकंपी चेतासंस्था जागी होते, अॅड्रेनॅलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठतात. ही तयारी बटण दाबताच विझत नाही. डॉल्फ झिलमन या संशोधकाने असे दाखविले की, एका कारणाने झालेली उत्तेजना शिल्लक असताना दुसरे क्षुल्लक कारण घडले, तर आपण शिलकेसह सगळी उत्तेजना त्या दुसऱ्याच कारणाच्या खात्यावर मांडतो. गर्दीत धक्का मारतो कोणी, आणि घरी बोलणी खातो दाराशी चप्पल वेडीवाकडी काढणारा भाऊ! यावर बाईंनी सांगितलेला उपाय अगदीच साधा होता. घरी आल्यावर वीस मिनिटे कोणाशी काही न बोलता जेकबसन यांच्या पद्धतीने एकेक स्नायुसमूह ताणून सैल सोडावयाचा. ही पद्धत आपण द्वितीय वर्षाला दहा गुणांसाठी पाठ करतो. तिचा उपयोगही करता येतो, हे मला तेव्हा कळले.

दुसरी गोष्ट मात्र साधी नव्हती. सव्वीस नोंदींपैकी एकही नोंद माझ्यापेक्षा वरचढ माणसावर उफाळलेल्या रागाची नव्हती. वडिलांच्या, कंडक्टरच्या, कचेरीतल्या कारकुनाच्या वागण्याचा राग आलेला होता. एकदा तर दहापैकी नऊ. पण 'मी काय केले' या रकान्यात तेथे सर्वत्र 'गप्प बसले' असेच होते. आवाज चढला तो आईवर, आणि हात उगारला तो भावावर. बाई म्हणाल्या, "तुला राग आवरत नाही असे तू पहिल्या दिवशी म्हणालीस. येथे तर तो नऊ वेळा आवरलेला दिसतो." मी काहीच बोलले नाही. पाण्याप्रमाणे रागही उताराकडे धावतो. स्वभाव म्हणून जो आपण मिरवितो त्याला उतार बरोबर कळतो, हे माझ्याच अक्षरात माझ्यापुढे पडले होते.

येथून खऱ्या उपचाराला सुरुवात झाली. बाई ज्या पद्धतीने काम करीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. तिचे जनक अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) हे मूळचे मनोविश्लेषक. रुग्णाला वर्षानुवर्षे बालपणात रेंगाळत ठेवण्याचा त्यांना कंटाळा आला आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची पद्धत मांडली. माणसाला घटना अस्वस्थ करीत नाहीत, घटनांविषयीचे त्याचे मत त्याला अस्वस्थ करते, हा एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाचा विचार तिच्या मुळाशी आहे. मराठी वाचकांना या पद्धतीचा परिचय विशेषतः कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे झाला. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेनेही तिचा मोठा प्रसार केला आहे.

एलिस यांचे सूत्र अ-ब-क असे आहे. 'अ' म्हणजे घटना, 'क' म्हणजे भावना व वर्तन, आणि या दोहोंमध्ये उभा असलेला 'ब' म्हणजे आपली धारणा. आपण म्हणतो, "त्याने कागद फाडले म्हणून मला राग आला." म्हणजे 'अ' मुळे 'क'. मधला 'ब' आपल्याला दिसतच नाही. तो दिसावा म्हणून बाईंनी मला त्या दिवसाचे मनातले वाक्य लिहावयास लावले. मी लिहिले: 'माझ्या वहीला हात लावण्यापूर्वी त्याने मला विचारलेच पाहिजे होते.' बाईंनी पेन्सिलीने 'विचारलेच' मधल्या 'च' भोवती गोल काढला आणि म्हणाल्या, "हा 'च' कोणी दिला?"

एलिस यांच्या मते आपले बहुतेक भावनिक दुखणे इच्छेची मागणी होते तेथे सुरू होते. अमुक व्हावे ही इच्छा. अमुक झालेच पाहिजे ही मागणी. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस खट्टू होतो, चिडतोही. पण मागणी धुडकावली गेली की समोरचा माणूस त्याला गुन्हेगार दिसू लागतो आणि गुन्हेगाराला शिक्षा करणे हे कर्तव्यच वाटते. इंग्रजीत या हट्टासाठी 'मस्ट' असा सबंध शब्द लागतो. मराठीत एका अक्षरात काम भागते, आणि ते कोणत्याही शब्दाला चिकटते. 'मलाच का', 'आजच का', 'माझ्याशीच असे', 'हे चालणारच नाही'. पुढे पुढे माझ्या वहीतली वाक्ये 'च'साठी चाळणे हा मला एक नादच लागला. सव्वीसपैकी एकोणीस वाक्यांत तो सापडला. व्याकरणात आपण या 'च'ला निश्चयवाचक वगैरे म्हणून सोडून देतो. व्याकरणाच्या सरांनी क्षमा करावी, पण तो इतका निरुपद्रवी नाही.

'च' काढून वाक्य पुन्हा लिहावयाचे: 'त्याने विचारले असते तर बरे झाले असते. त्याने विचारले नाही. माझे दोन आलेख पुन्हा काढावे लागणार.' तिन्ही विधाने खरी आहेत. राग त्यांतही आहे. पण फुलपात्र फेकण्याइतका नाही. हे कागदावर जितके सोपे दिसते तितके ते नसते. पहिले दोन आठवडे मला हे खोटे वाटत होते. वाक्य बदलले म्हणून मन कसे बदलेल, असे मी बाईंना विचारलेही. त्या म्हणाल्या, "तू वीस वर्षे ते वाक्य घोकलेस. हे वीस दिवस तरी घोक."

याहून मोठी शंका मी सहाव्या भेटीत काढली, आणि या अंकाच्या वाचकांच्या मनातही ती आली असेल. अन्यायाचा राग येऊ नये काय? 'च' काढून टाकत गेलो तर माणसाने सगळे निमूट सोसावे असाच त्याचा अर्थ होईल. स्त्रियांना आणि दलितांना 'शांत राहा' हे शिकविण्यासाठी मानसशास्त्राची गरज नव्हती, ते काम समाजाने उत्तम केले आहे! बाईंनी मला महाडची आठवण दिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी शिस्तीने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला. लोक प्रतिकाराला तयार असताना बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या माणसांच्या मनात राग कमी होता असे कोण म्हणेल? पण तो कोठे, केव्हा आणि कशासाठी वापरावयाचा हे ठरलेले होते, आणि त्याची दिशा उताराकडे नव्हती, चढाकडे होती. एलिसही रागाचे दोन प्रकार करतात. एक, वागणुकीविषयीची चीड, जी माणसाला ठामपणे बोलावयास व कृती करावयास लावते. दुसरा, माणसाविषयीचा संताप, जो त्याला नष्ट करू पाहतो. उपचार दुसऱ्यावर करावयाचा असतो. म्हणूनच माझ्या शेवटच्या तीन भेटी राग आवरण्याच्या नव्हत्याच. वडिलांशी आवाज न चढविता 'मला हे मान्य नाही' असे कसे म्हणावे, याच्या त्या तालमी होत्या. बाई वडील होत आणि मी मी. पहिल्या तालमीत मला रडू आले.

या तालमींमागेही एक पद्धत आहे. रेमंड नोव्हाको यांनी १९७५ साली रागावरील उपचाराचा आपला प्रायोगिक अभ्यास प्रसिद्ध केला. डोनाल्ड मायकेनबाउम यांच्या ताण-लसीकरणाच्या कल्पनेवर तो आधारलेला होता. लशीत जसा रोगाचा सौम्य अंश टोचतात, तसा येथे चिडविणाऱ्या प्रसंगाचा सौम्य अंश कल्पनेत द्यावयाचा आणि शिथिलीकरण व नवी वाक्ये वापरून तो पचवावयाचा. मग थोडा कठीण प्रसंग, मग त्याहून कठीण. प्रसंगाच्या आधी स्वतःशी काय बोलावे, प्रसंग चालू असताना काय, अंग तापू लागले की काय, आणि सर्व संपल्यावर काय, अशी वाक्ये आधीच तयार ठेवावयाची. माझी वाक्ये येथे देत नाही. ती दुसऱ्याच्या तोंडी हास्यास्पद वाटतील, पण ज्याची त्याने केली की चालतात.

हे सगळे कितपत लागू पडते? बेक आणि फर्नांडिस यांनी १९९८ साली बोधनिक-वर्तन पद्धतीच्या ५० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत एकंदर १,६४० व्यक्ती होत्या. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती, उपचार न घेतलेल्यांपैकी ७६ टक्के लोकांपेक्षा चांगल्या स्थितीत आढळली. हा चमत्कार नव्हे, पण 'औषध नाही' असे म्हणण्यासारखी ही स्थिती नक्कीच नाही.

मर्यादाही सांगावयास हव्यात. राग हे पुष्कळदा दुसऱ्याच दुखण्याचे लक्षण असते. नैराश्य, दारू, थायरॉइडचा विकार, डोक्याला झालेली इजा यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे, केवळ वही घालून भागणार नाही. दुसरे असे की, बायकोवर हात उगारणाऱ्या नवऱ्याला 'रागीट' म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. साहेबासमोर त्याचा हात बरोबर खिशात राहतो. तेथे आधी त्या स्त्रीला संरक्षण हवे आणि त्यासाठी २००५ चा कायदा आहे. नवऱ्याच्या उपचाराची गोष्ट त्यानंतरची. हे लिहिताना माझ्या सतरा आणि शून्य या आकड्यांची मला आठवण आहे. तिसरी अडचण पैशाची आणि अंतराची. तालुक्याच्या गावात समुपदेशक मिळणे कठीण, आणि दर शनिवारचे भाडे सर्वांना परवडत नाही. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीतही बोलता येते. सुरुवात करावयास तेवढे पुरे आहे.

माझ्यापुरते सांगावयाचे तर मी काही शांतमूर्ती झालेले नाही. मार्च महिन्यात दहापैकी आठच्या दोन नोंदी आहेत. मात्र त्या दोन्ही वेळी हातात काही नव्हते आणि काही घेतलेही नाही. वडील अजून तसेच आहेत. माझ्या वहीची त्यांनी थट्टा केली, आणि नंतर एकदा मी नसताना ती उघडून पाहिली, असे आईने सांगितले.

परीक्षेच्या आधी भावाने ती वही वाचावयास मागितली. त्याच्याविषयीच्या नोंदी त्याने वाचाव्यात की नाही, हे ठरवावयास मला दोन दिवस लागले. मग दिली. तो माझ्याच खोलीत, पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून वाचीत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग अकराव्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हे चुकलंय. त्या दिवशी तुझं पेन मी नव्हतं घेतलं, बाबांनी घेतलं होतं. तू ओरडलीस म्हणून मी काही बोललो नाही." मी त्याला पेन दिले. ती नोंद मी खोडलेली नाही. तिच्या खाली त्याच्या अक्षरात दुरुस्ती आहे.